ऐकू आलं की बटण दाबायचं

तो आत आला तेव्हा ती खुर्चीवर चढून कपाटाच्या काचा पुसत होती.

औषधांचं ते काचेचं कपाट तिनं त्याच सकाळी एकटीनं ढकलत ढकलत आपल्या टेबलामागे आणलं होतं. खोली कशी मोकळी झाली होती! कानाच्या दवाखान्यातली ही तपासणीची खोली आता तिच्या एकटीच्या ताब्यात होती, आणि नव्या नोकरीचा उत्साह असा की काचांमध्ये तोंड बघून वेणी घालावी!

"पडाल हं," तो म्हणाला. आवाज इतका हळू, की ती खरंच पडली असती तरी त्याची हाक कुणाला ऐकू गेली नसती.

"पडले तर दवाखान्यातच पडेन. लांब जायला नको."

तो हसला. आधी त्याचे डोळे हसले, मग तो.

छापखान्यातून आलेला हा शेवटचा कामगार. तिथली मशीनं दिवसभर धडधडायची, म्हणून दरवर्षी सगळ्यांचे कान तपासून घ्यायचे. कान कमजोर निघाला की मशीनवरून उचलबांगडी, रवानगी गठ्ठे बांधायच्या खोलीत. आधी येऊन गेलेल्यांनी तिला सांगूनच ठेवलं होतं, "आमचा मौनीबाबा यायचाय अजून. तोंडातून शब्द काढायचे पैसे पडतात त्याला." जाता जाता त्यांनी तिलाही एक नाव चिकटवलं होतं... कानवाली!

तपासणी साधी. आवाज न शिरणारी एक कपाटाएवढी खोली, तिला काचेची खिडकी. पेशंट आत, ती बाहेर. आतल्याच्या कानावर हेडफोन आणि हातात बटण.

"बारीकशी पीप आली तरी दाबायचं," तिनं बजावलं. "इकडे माझा दिवा लागतो. ऐकू आलं की बटण. अंदाज नको."

त्यानं मान डोलावली. टेबलावरच्या यंत्राची बटणं दाबत ती आवाज लहान लहान करत गेली आणि दिवा लागतच राहिला. ती बोट उचलायची, दाबायची, की लगेच दिवा! तिनं काढलेला आलेख फूटपट्टीनं आखल्यासारखा सरळ.

"अहो, कान आहेत की काय!" तो बाहेर आल्यावर ती म्हणाली. "बरणीत घालून ठेवायला हवेत, विद्यार्थ्यांना दाखवायला."

"मोठी बरणी बघा. कानांबरोबर मलाही यावं लागेल."

तिला हसू फुटलं. टेबलावर कानाची प्लास्टिकची प्रतिकृती होती, तो ती उलटसुलट करून बघायला लागला. मग काय, विचारायलाच नको! तिनं पडद्यामागची तीन हाडं एकेक काढून त्याच्या तळहातावर ठेवली. हा हातोडा, ही ऐरण, ही रिकीब. आवाज पडद्यावर आपटतो, पडदा हातोड्याला हलवतो, हातोडा ऐरणीला, ऐरण रिकिबीला. रिकीब आतल्या गोगलगायीसारख्या नळीच्या दारावर टकटक करते, आणि तिथून नस ती खबर मेंदूला पोचवते.

"रिकीब म्हणजे घोड्यावर चढताना पाय ठेवतात तीच?"

"तीच. खरी तर तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी असते. अख्ख्या शरीरातलं सगळ्यात लहान हाड."

"एवढ्याशावर एवढं सगळं चालतं?"

"एवढ्याशावरच तर चालतं," ती म्हणाली, आणि उगाचच लाजली. मग पाठ वळवून हेडफोन ठेवता ठेवता तिनं विचारलं, "मशीनवर कापूस घालता का कानात?" उत्तर आलं नाही. वळून बघितलं तर तो रिकीब निरखत होता. स्वारी विचारात दिसते, तिला वाटलं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी तिला कानात घालायची रबरी बुचं वाटायला छापखान्यात धाडलं. काय तो धडधडाट! ती ओरडून ओरडून बुचं कशी घालायची ते सांगत होती, आणि सगळे "आं? आं?" करत होते. मौनीला मात्र पहिल्या फटक्यात सगळं समजलं. वर तो तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "ओरडलात की तुमच्या नाकाचा शेंडा लाल होतो."

झालं! नाकाबरोबर बाकीचा चेहराही लाल झाला.

जेवणाची घंटा झाली. मशीनं थांबली, आणि अशी शांतता पसरली की टाचणी पडली तरी दचकावं. तो पाठमोरा उभा राहून हाताची शाई पुसत होता. तिनं मनाचा हिय्या केला.

"सुटल्यावर... चहा प्यायचा?"

तो शाई पुसत राहिला.

कोपऱ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. ती पिशवी उचलून तडक बाहेर पडली. हौस दांडगी माझी! चहा म्हणे! रस्ताभर ती स्वतःचा उद्धार करत चालली होती, आणि चालता चालता एकदम थांबली.

गोंगाटात ऐकू आलं. शांततेत नाही?

डॉक्टरबाईंनी शिकवलं होतं की. काहींच्या कानातली रिकीब हळूहळू जखडते, दाराची बिजागरी गंजावी तशी. अशा माणसाला बाहेरचा कल्ला फारसा टोचत नाही, आणि कल्ल्यात समोरचा ओरडूनच बोलतो. म्हणून त्याला गर्दीत बरं ऐकू येतं, निवांत खोलीत कमी. शिवाय स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, म्हणून तो बोलतो हळू...

मौनीबाबा!

पण मग तो सरळसोट आलेख?

ती धावतच दवाखान्यात आली आणि आतल्या छोट्या खोलीत, पेशंटच्या जागेवर बसली. समोर खिडकी. खिडकीपलीकडे तिचं टेबल. टेबलामागे कपाट, आणि कपाटाच्या लख्ख काचेत यंत्राची सगळी बटणं आरशासारखी स्वच्छ.

तिनंच आणलेलं कपाट, तिनंच पुसलेली काच.

संध्याकाळी ती छापखान्याच्या फाटकाशी उभी राहिली. तो आला तशी त्याच्या पुढ्यात, अगदी तोंडासमोर.

"काचेत काय दिसत होतं?"

त्याचा चेहरा उतरला. थापा मारता येतात का, ते त्यानं जरा चाचपलं असावं. मग म्हणाला, "तुमचं बोट."

"फक्त बोट?"

"आधी बोट. मग... बाकीचंही."

"थट्टा नकोय मला. मी चिडलेय."

"दिसतंय. नाक सांगतंय."

"आणि मी तुम्हाला चहाला बोलावलं होतं! सगळ्यांसमोर!"

"कधी?"

"हेच! हेच तर म्हणतेय मी!"

तो फाटकाशेजारच्या कट्ट्यावर बसला. आईचंही असंच झालं, म्हणाला. त्याच्याच वयात सुरू झालं होतं, आता घरात सगळे तिच्या समोर जाऊन बोलतात. ओठांवरून बोलणं ओळखायला तो तिच्यामुळेच शिकला. "मला ते मशीन आवडतं. हात ठेवला की कळतं, कुठं दुखतंय त्याला. गठ्ठ्यांच्या खोलीत गेलो की... नका ना सांगू कुणाला."

इतकं अवघड मागणं आणि इतक्या हळू आवाजात! गप्प बसलं तर? त्याचं मशीन राहील, आपलं हसं होणार नाही, चहासुद्धा होईल. आणि वर्षभरानं आपल्याला फाटकाशी असंच समोर उभं राहून, तोंड मोठं करून बोलावं लागेल.

"मी सांगणार," ती म्हणाली.

"मग चहाचं राहू द्या," तो म्हणाला, आणि मागे न बघता निघून गेला.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून चष्मा कपाळावर सरकवला. "कपाट तिथं कुणी नेलं?"

"मी."

"एकटीनं?"

"हो."

"मग एकटीनंच परत ने. आणि त्या मुलाला बोलाव. आईलाही आणायला सांग."

तो आईला घेऊन आला. तिच्याकडे ढुंकूनही न बघता बसला. डॉक्टरबाईंनी लोखंडी चिमट्यासारखा काटा टेबलाच्या कडेवर आपटला आणि त्याची थरथरती शेपटी मौनीच्या कपाळाच्या मधोमध टेकवली. "कुठल्या कानात मोठा आवाज येतोय?"

त्यानं चकित होऊन डावा कान दाखवला, तोच, जो त्याला जास्त दगा द्यायचा.

"पडद्यामागच्या हाडांची वाट अडली की त्याच बाजूला हा मोठा वाटतो. इथं काच बघून उत्तर देता येत नाही, बाळा." बाई हसल्या. "आतली नस ठणठणीत आहे. रिकीब तेवढी अडकलीय. तिच्या जागी बारीक दांडी बसवतात. बहुतेकांना चांगला फरक पडतो."

आई बाईंच्या ओठांकडे बघत होत्या. "माझंही... होईल?"

"तपासू या आधी."

आईंनी कानवालीची हनुवटी धरली. "पोरी, इतकी वर्षं मला वाटायचं, नशीबच आहे. कुणी इथं आणलंच नाही गं मला."

तो खिडकीबाहेर बघत होता. पण त्याचे कान... म्हणजे कानाच्या पाळ्या, लाल झाल्या होत्या.

ऑपरेशन झालं. जखम भरेपर्यंत तो गठ्ठेच बांधत होता. ड्रेसिंगला यायचा, बाईंशी बोलायचा, कानवालीला मान लववायचा आणि जायचा. बास. तीही काही कमी नव्हती, तिनंही मान लववण्यापलीकडे काही केलं नाही. रात्रीच्या उशीला सांगितलं असेल तर तेवढंच.

मग फेरतपासणीचा दिवस आला. कपाट जुन्या कोपऱ्यात होतं आणि आतली खुर्ची तिनं भिंतीकडे वळवली होती.

"ऐकू आलं की बटण," ती म्हणाली. "अंदाज नको."

दिवा लागला. थांबला. लागला. बराच वेळ नाही... मग लागला. आलेख जरा वाकडातिकडा आला, पण खरा. डावा कान केवढा तरी वर सरकला होता! महिन्याभरानं बुचं घालून मशीनवर जायला हरकत नाही, असं बाईंनी सांगूनच ठेवलं होतं.

राहिली शब्दांची तपासणी. तिनं माइक ओढला. "घर." "घर," आतून आवाज आला. "पाणी." "पाणी." "दोरा." "दोरा."

तिनं आवाज कमी केला. मग आणखी कमी.

"आता बोलू नका, फक्त बटण दाबा. सुटल्यावर चहा प्यायचा?"

दिवा लागला.

"नुसतं ऐकू आलं, की हो?"

दिवा पुन्हा लागला, जरा जास्तच वेळ.

यंत्राचा काटा तिनं अगदी तळाला नेला. नाकाचा शेंडा लाल झाला असणार, बरं झालं त्याला दिसत नव्हतं. ती इतकं हळू बोलली, की तिचं तिलाही धड ऐकू आलं नाही...

"तुम्ही मला आवडता."

दिवा लागला नाही.

एक श्वास. दुसरा. नसेल गेलं ऐकू, तिनं मनाला समजावलं. तळाला होता काटा, कुणालाच नसतं गेलं. ती माइक बाजूला सारणार, एवढ्यात आतली खुर्ची हळूच फिरली. काचेपलीकडे आधी त्याचे डोळे हसले, मग तो. आणि मग दिवा लागला.

तिनं दार उघडलं. "इतक्या उशिरा का दाबलंत?"

"वाटलं," तो म्हणाला, "दिवा नाही लागला तर... परत एकदा म्हणाल."