कालिंदीचे सात घाव

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास हेमलता डोंगरेने पोह्यांच्या बशा उचलल्या, जेवणाचं टेबल पुसलं आणि त्यावर आभासी पट पसरला. गुंडाळलेल्या चटईसारखा तो पातळ पडदा चालू होताच टेबलावर वीतभर उंचीची गुहा उभी राहिली. गुहेच्या तोंडाशी करंगळीएवढे तीन योद्धे प्रकटले.

हेमलता अमरावतीची. त्याच क्षणी तीच गुहा आणखी तीन घरांत उभी राहिली: मालवणात शिरीष कांबळीकडे, सांगलीत फरहाना मुलाणीकडे आणि नाशकात अश्लेषा पाटणकरकडे. चौघं एकमेकांना प्रत्यक्ष कधीच भेटलेली नव्हती, पण चौदा महिने दर रविवारी ती एकत्र खेळत होती. हेमलता सूत्रधार. गोष्ट तिने सांगायची, शत्रू तिने हलवायचे. बाकीच्यांनी एकेक पात्र जगायचं. अश्लेषाचं पात्र होतं कालिंदी, परशू चालवणारी.

पूर्वी सगळं फाशांवर चालायचं. दोन महिन्यांपूर्वी पटासाठी अंगपट्टे आले. मनगटांना, कोपरांना, कमरेला आणि कपाळाला ते बांधायचे. घाव लागला की हुकला हे अजूनही फासाच ठरवायचा. पण घाव घालताना हात कसा फिरला, पडताना तोल कुठे गेला, हे पटावरची बाहुली खेळणाऱ्याच्या शरीरावरून हुबेहूब उचलायची. अंगाला खरा धक्का बसला, तर पट तोही घाव धरून पात्राचे प्राणगुण, म्हणजे उरलेला जीव, कमी करायचा.

हेमलता बावीस वर्षं फिजिओथेरपिस्ट होती. माणूस कसा हलतो हे पाहणं हेच तिचं काम. कालिंदीची एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली नव्हती. शत्रूचा हात उठण्याआधीच कालिंदीचं डावं कोपर कानावर जायचं.

"खांदा धरलाय का गं तुझा?" तिने एकदा विचारलं होतं.

"नाही ताई, सवय आहे," अश्लेषा म्हणाली होती. हेमलताने विषय तिथेच सोडला.

त्या रविवारी गुहेतून तरसाच्या तोंडाची माणसं बाहेर पडली. पहिल्याच झडपेत शिरीषच्या तिरंदाजाची मांडी फाटली. फरहानाच्या तलवारीने एकाचा जबडा उडवला. कालिंदीने परशू असा फिरवला की दोन धडं एकावर एक कोसळली आणि पटावर लाल चिखल झाला. शिरीष ओरडत होता, फरहाना हसत होती.

"एक मिनिट हं," अश्लेषा कुजबुजली. "हे आले वाटतं. आज इतक्या लवकर कसे..."

तिने स्वतःच आपला माइक बंद केला. तिचा नवरा सर्वेश रविवारी एक वाजेपर्यंत क्रिकेट खेळायला जायचा, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. तो घरात असताना ती कधीच खेळत नसे.

हेमलताने तरसांना थांबवलं. कालिंदी स्तब्ध उभी होती. मग तिचं डोकं फाडकन उजवीकडे वळलं.

"ताई, तरस हलवलात?" शिरीषने विचारलं.

"नाही."

कालिंदीचं डावं कोपर कानावर गेलं, पण उशिरा. ती कमरेत वाकली आणि गुडघ्यांवर आली. तिच्यासमोर कुणीही नव्हतं. पटाच्या कडेला अक्षरं उमटली: अज्ञात हल्लेखोर. कालिंदीचे प्राणगुण चोवीस. एकोणीस. अकरा.

"पट बिघडला की काय?" शिरीष म्हणाला.

कालिंदीची मान मागे ओढली गेली. दोन्ही मनगटं डोक्यामागे गेली, जणू केस सोडवत होती. तशीच ती टेबलावर फरफटत गेली. मग कमरेला एक हिसका, पुन्हा त्याच जागी दुसरा. लाथा. हेमलताला ते वाचायला वेळ लागला नाही.

"बिघडलेला नाही," ती म्हणाली. "तो तिला मारतोय. आत्ता. फरहाना, तू तिला बेदाणे पाठवले होतेस ना? पत्ता आहे?"

"आहे. थांबा, पोलिसांना लावते, एकशेबारा." फरहानाचा आवाज चिरका झाला होता. थोड्या वेळाने ती रडवेल्या सुरात म्हणाली, "पंधरा मिनिटं म्हणतायत."

प्राणगुण सहा. चार.

अश्लेषाचा माइक बंद होता, पण इअरफोन कानात असावा. हेमलता टेबलावर वाकली. "अश्लेषा, ऐकतेस ना? पोलीस निघालेत. हाताला येईल ते उचल. मार त्याला!"

कालिंदी सरपटली. उजवा हात वर चाचपडला आणि मिटला. तिने काय पकडलं होतं हे पटाला कळणार नव्हतं. त्याने नेहमीप्रमाणे तिच्या मुठीत परशू दिला. पहिला घाव तिने बसल्या जागेवरून आडवा घातला. दुसरा अर्धवट उठून, दोन्ही हातांनी, वरच्या दिशेने.

मग ती उभी राहिली आणि थांबली.

हात लोंबत होते. कमरेचा पट्टा धापेबरोबर वरखाली होत होता. कपाळ खाली झुकलं होतं, नजर स्वतःच्या पावलांपाशी. जमिनीवर पडलेल्या कशाकडे तरी बघणारं माणूस असं उभं राहतं, हे हेमलताला कुणी सांगायची गरज नव्हती.

"थांबू नकोस," ती म्हणाली. "तो उठेल. थांबू नकोस!"

कालिंदीने परशू डोक्यावर नेला. पाच घाव, सगळे वरून खाली, सगळे एकाच जागी. पाचव्यानंतर हात वर गेलाच नाही. पटावर अक्षरं चमकली: हल्ला थांबला. कालिंदी विजयी. तीनशे अनुभवगुण.

फरहाना हुंदके देत होती.

पोलीस पोहोचले तेव्हा अश्लेषा ओट्याला टेकून बसली होती. गालाचं हाड मोडलं होतं, दोन बरगड्यांना तडे गेले होते. मांडीवर खलबत्त्याचा लोखंडी बत्ता होता. सर्वेश रुग्णवाहिकेतच दगावला.

मंगळवारी हेमलता नाशकात पोहोचली. पोलीस ठाण्यातल्या महिला उपनिरीक्षकाने तिला चहा दिला आणि सरळ सांगितलं, "सुरुवातीच्या घावांबद्दल कुणी काही म्हणणार नाही, मॅडम. पण तो खाली पडल्यानंतरही घाव बसलेत, असं डॉक्टर म्हणतात. तुमच्या त्या पटावर सगळ्याची नोंद राहते म्हणे. संध्याकाळपर्यंत ती आणून द्या."

बाहेर येते तोच शिरीषचा फोन आला. "ताई, पुसून टाका ती नोंद. सूत्रधाराला पुसता येते, मी बघितलंय."

"मग त्याने तिला मारलं तेही पुसलं जाईल, शिरीष. चार मिनिटं मारत होता तो. दुसरा पुरावा कुठे आहे?"

"आणि ठेवलीत तर तुमचा आवाज आहे त्यात."

"माहीत आहे."

रस्त्याकडेच्या बाकावर बसून तिने सोबत आणलेल्या पटावर नोंद एकदाच पाहिली. दुसरा आणि तिसरा घाव यांच्यामध्ये अकरा सेकंद होते. सहाव्या सेकंदाला तिचा स्वतःचा आवाज आला. त्यात भीती होती. पण दर रविवारी शेवटचा शत्रू संपवायला सांगताना तिचा जो सूर लागायचा, तोही होता. तो तिला ओळखू आला.

रुग्णालयात दारापाशी महिला कॉन्स्टेबल बसली होती. दहा मिनिटं भेटायची परवानगी मिळाली. चौदा महिने फक्त आवाजाने ओळखीची असलेली अश्लेषा हेमलताला वाटली होती त्याहून बरीच बारकी निघाली. अर्धा चेहरा पट्टीत होता. हेमलताने तिचा हात हातात घेतला. मनगटावर पट्टा रुतल्याचा निळा वळ अजून होता.

"मी नोंद घेऊन आले आहे," हेमलता म्हणाली. "द्यायची की नाही, ते तू सांग."

बोलताना गाल दुखत होता, म्हणून अश्लेषा एकेक शब्द सावकाश उच्चारत होती.

"ताई, मी थांबले होते ना हो? तुम्ही म्हणालात, थांबू नकोस." तिने मान वळवून हेमलताकडे पाहिलं. "हे पडलेत, ते तुम्हाला तिथून दिसत होतं का?"