काळ्या खडकावरची दुपार

कोकम सरबताच्या दोन बाटल्या उल्हास नदीतून डुलत निघाल्या होत्या आणि त्यांच्यामागे कंबरभर पाण्यात कुमुदिनी. जेवण झाल्यावर तिनेच त्या घोटाभर पाण्यात, दगडांच्या आधाराने गार करायला ठेवल्या होत्या.

"वन्सं, या माघारी," काठावरून वेणू म्हणाली. "विठा सांगत होती ना, वर वीजघराचं पाणी सुटलं की दुपारी चहाच्या आधीच नदी चढते."

"ऐकलं होतं गं. पण आभाळात ढग नाही, मग विश्वास कसा ठेवायचा?"

वेणू तिची भावजय. उल्हासनगरात तिचं चौकशीचं ऑफिस होतं. स्थळांची माहिती काढण्यापासून दुकानातल्या चोऱ्यांपर्यंत सगळं चालायचं. कुमुदिनी तिची मदतनीस, म्हणजे डबा न्यायची आणि चुकीच्या माणसावर संशय घ्यायची. बदलापूरच्या पुढे या फार्महाऊसवर दोघी आल्या होत्या त्या कामाचं नाव काढायचं नाही असं ठरवून.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतली भाविका धावत आली. नवी नवरी. सासरे जयदेव, नणंद तेजस्वी आणि स्वतःचा भाऊ जितेश यांच्याबरोबर ती अंबरनाथहून आली होती. नवऱ्याला एमआयडीसीतून सुट्टी मिळाली नव्हती.

"मावशी, माझी नथ गेली. सासूबाईंनी लग्नात घातलेली. जेवल्यावर डबीत ठेवली आणि पप्पांबरोबर मळा बघायला गेले. चहाला आलो तर डबी रिकामी. पप्पा आता विठावर पोलीस बोलावतायत."

ओल्या साडीतही कुमुदिनीला एकदम ऊब आली. केस मिळाली होती.

ओसरीवर विठाची पिशवी उलटी पडली होती. या घराची देखभाल आणि स्वयंपाक तीच करायची.

"पिशव्या सगल्यांच्या बघितल्या," जयदेव म्हणाले. "माज्या पोरीची पण सोडली नाय. किल्ली हिच्याकडं, मग दुसरं कोण? मालकाला फोन करून सांगितलंय मी."

"मी डबीला शिवले पन नाय, दादा," विठा म्हणाली. "मागं भांडी घासत होते. मालकानं काढलं तर गावात मला दारात तरी कोन उभं करंल?"

"पोलीस कुठे पळून जात नाहीत," वेणू म्हणाली. "आधी मी बोलते."

जितेश आंब्याखाली फोन घेऊन बसला होता. "मॅच चालू होती ना, आंटी. दोस्त लोग के साथ. हललोच नाय."

"खरंय," कुमुदिनी म्हणाली. "याचा आरडाओरडा अख्खी दुपार ऐकला मी. पाण्यात होते तेव्हासुद्धा."

तेजस्वी ओसरीच्या पायरीवर बसली होती. सकाळी हिने कुमुदिनीला हाताला धरून, घोटाभर पाण्यातून, वळणापलीकडच्या काळ्या खडकावर नेलं होतं आणि मोकळे केस उडवत रील काढून घेतलं होतं. आता मानेवर घट्ट अंबाडा. अंगात तीच पांढरी पँट, परीटघडीची.

"अंबाडा छान दिसतो गं तुला," कुमुदिनी म्हणाली.

तेजस्वीचा हात मागे जाता जाता थांबला.

"तू कुठे होतीस?" वेणूने विचारलं.

"काळ्या खडकावर. जेवल्यावर गेले ती चहाची हाक ऐकूनच आले. थेट इथे. घरात पाय पण नाही टाकला."

कुमुदिनी वेणूच्या कानाशी लागली. "जितेशच असणार. मला पहिल्यापासून वाटतंय."

"वन्सं, त्याची सुटका आत्ता तुम्हीच केलीत."

मग वेणूने सगळ्यांना ओसरीवर बसवलं.

"वन्सं, तुमची साडी कुठवर भिजली?"

"कंबरेपर्यंत. बघतेस ना?"

"काळा खडक नदीच्या मधोमध. सकाळी तिथे घोटाभर पाण्यातून जाता आलं. दुपारी चहाच्या आधीच नदी चढली. चहाच्या हाकेनंतर तिथून येणारा माणूस कंबरेपर्यंत भिजायला हवा. तेजस्वी कोरडी आहे. कपडे बदलले म्हणावं, तर घरात पाय टाकला नाही असं तीच म्हणते. विठाला खोटं बोलायचं असतं तर तिने खडकाचं नाव घेतलं नसतं. तिला नदी ठाऊक आहे."

"पण पिशव्या बघितल्या ना मी," जयदेव पुटपुटले.

"पिशव्या बघितल्यात, डोकी नाही. सकाळी हौसेने उडवलेले केस, नथ गेल्यावर एवढे आवळून का बांधले? तेजस्वी, अंबाडा सोड बाळा."

पिना एकेक निघाल्या. शेवटच्या पेडात मोती चमकला.

"आजी म्हणायची, ही तेजूची," तेजस्वी रडत म्हणाली. "लग्नात मम्मीनं वहिनीच्या नाकात घातली. मला कुणी विचारलं पण नाही."

"मागितली असतीस तर दिली असती गं," भाविका म्हणाली.

"नथेचं तुम्ही घरात बघा," वेणू म्हणाली. "पण विठाला चोर म्हणत होते तेव्हा तू इथेच बसली होतीस."

जयदेव खाकरले. "विठा, झालं ते झालं. रातच्या भाकऱ्या टाक."

"भाकऱ्या मगाशीच झाल्यात, दादा." विठा आत गेली, ताट घेऊन आली आणि कुमुदिनीशेजारी मांडी घालून बसली. "भूक लागली मला. वाढा. आनि मालकाला फोन लावा. स्पीकरवर."

जयदेवांनी भाकरी वाढली, वालाचं बिरडं वाढलं, अर्धं ताटाबाहेर सांडलं. मग फोन लावला.

"विठानं नथ घेतली नाय," ते म्हणाले. "मी उगीच आळ घेतला."

"मग घेतली कुणी?" तिकडून मालकाचा आवाज ओसरीभर घुमला.

जयदेवांनी लेकीकडे पाहिलं.

"आमच्याच घरात होती," ते म्हणाले.

विठाने भाकरीचा तुकडा मोडला.