तिसरी पिन

"कुशल, पक्कड खाली ठेव," नरहरीकाका म्हणाले.

सालवडला त्यांच्या घराची मागची खोली पुतण्यांनी तालमीसाठी घेतली होती. कुशलनं नवा बेस, जाड तारांची गिटार, लावला होता आणि अ‍ॅम्प्लिफायर चालू केला की हूंऽऽ असा एकसुरी आवाज खोलीभर पसरत होता. कुशलचा उपाय सोपा होता. प्लगची तिसरी, जाड पिन मोडायची. अर्थिंग तुटलं की आवाज बंद. त्याची बहीण रूपल, बँडची गायिका, मोबाईलचा उजेड धरून उभी होती.

"काका, सगळेच करतात," कुशल म्हणाला.

"सगळेच करतात! बत्तीस वर्षं पेपरात काढली मी. हे वाक्य मला ठेकेदारांनी ऐकवलं, साहेबांनी ऐकवलं, आणि प्रत्येक वेळी त्या वाक्याखाली कुणीतरी मेलेला होता." काकांनी स्टूल ओढलं. "बसा दोघंही. माझ्या ओळखीच्या एका बेसवाल्याबरोबर घडलंय हे. त्यानं सांगितलं तसं सांगतो, पदरचं काही नाही. ऐकून झाल्यावर मोडायची तर मोड."

रूपलनं मोबाईल उपडा ठेवला. काका सांगू लागले.

शनिवार, नऊ डिसेंबर दोन हजार तेवीस. अवसेला तीन दिवस उरलेले.

मिथुन त्याचं नाव. तारापूरच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला, आणि संध्याकाळी दर्पणच्या ऑर्केस्ट्रात बेसवर. दर्पण म्हणजे मालक, कीबोर्डही तोच वाजवायचा. मिथुनला तिथं लागून चार महिने झाले होते. बेसवाल्याचं जिणं कसं असतं ते तुम्हाला कळेलच. सगळ्यात जड सामान त्याचं. सगळ्यात आधी पोचायचं, सगळ्यात शेवटी निघायचं, उभं राहायचं ते ढोलकीच्या बाजूला, अंधारात. लोक गाणारीचे फोटो काढतात. बेस वाजतोय हे कुणाच्या लक्षात येत नाही, तो थांबला की मात्र नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात.

त्या रात्री कोळगावला हळद होती. दुपारीच मिथुनचा अ‍ॅम्प जळला. दर्पण फोनवर म्हणाला, "पामला जा. गोमाची बायको राहते तिथं, बायडी. गोमाचा अ‍ॅम्प पडून आहे तिच्याकडं. आठला सुरू करायचंय आणि दहाला पोलीस बंद करतात, तेव्हा उशीर नको."

गोमा म्हणजे मिथुनच्या आधीचा बेसवाला. दीड वर्षापूर्वी, मे महिन्यात, भर कार्यक्रमात पडला आणि गेला. अटॅक, असं सगळे सांगायचे. पेपरातही तसंच आलं होतं. चार ओळी.

काका इथं जरा थांबले. "त्या चार ओळी माझ्या," ते म्हणाले. "ठाण्यात फोन केला, त्यांनी अटॅक सांगितलं, मी अटॅक लिहिलं. तिच्या घरी गेलो नाही. पामला जायला इथून किती वेळ लागतो? जाऊ दे. पुढं ऐका."

मिथुन सव्वासहाला पामला पोचला. बायडी एकटीच होती. डोंगरातली बाई, लग्न करून इकडं आलेली, आता एका वाडीत चिकू तोडायला जायची. अ‍ॅम्प तिनं साडीच्या तुकड्यानं झाकून ठेवला होता.

"ने बाबा. वाजला तर बरंच हाय," ती म्हणाली. "तू पन तारा उकळतोस काय?"

मिथुन हसला. बेसच्या तारा महाग. मेलेल्या तारा पाण्यात उकळल्या की महिनाभर पुन्हा बोलतात.

"माझ्या भाताच्या टोपात उकळायचा मेला! भाताला लोखंडाचा वास. आमी भांडायचो त्याच्यावरून." मग तिचा आवाज उतरला. "तुला एक इचारू? तू त्यातलाच हाय म्हनून. छातीत कळ येऊन मानूस मेला, तर त्याची बोटं कशी जळतील?"

"बोटं?"

"डाव्या हाताची. चारी बोटांवर काळ्या रेघा. तारंनं डाग दिल्यावानी. मी दाखवली सगळ्यांना. कोनी बघतच नाय. आनि ह्यो प्लग बघ. त्याचा काळा होता. सामान परत आलं तवा ह्यो पांढरा, नवा कोरा. मला पैसं नको, काय नको. अटॅक नव्हता, एवढं एकानं तोंडानं बोलावं."

मिथुननं अ‍ॅम्प उचलला. ती आत गेली आणि हातभर लांबीची लोखंडी सळई घेऊन आली. सळईला हिरवी वायर गुंडाळलेली. सोबत मिठाची पुडी, किलोची, दुकानातून आणलेली, बंद.

"हे पन ने. जमिनीत सळई ठोकायचा, मीठपानी ओतायचा, मगच वाजवायचा. त्याला सगळे हसत, गोमाची पूजा चालली म्हनून. त्या दिवशी फरशी होती, ठोकता नाय आली. मीठ आजच आनलंय मी. तुझ्यासाठी."

मिथुननं दोन्ही पिशवीत घालून ती हँडलला अडकवली. पाठीवर बेस, स्कूटरच्या पायठेवणीवर तीस किलोचा अ‍ॅम्प, दोन्ही गुडघे बाहेर. असा तो निघाला. बोईसर ओलांडलं, पालघर रस्त्याला लागला. सात वाजून गेले होते. उमरोळीच्या पुढं दिवे संपतात. दोन्ही बाजूला कापलेली भातशेतं, त्यावर धुकं.

तिथं त्याच्या पोटऱ्यांना जाणवलं.

अ‍ॅम्प थरथरत होता.

इंजिनची थरथर असेल. तो तसाच पुढं गेला. पण बेस वाजवणाऱ्याला सूर कानापेक्षा अंगात आधी कळतो. इंजिनचा सूर वेगाबरोबर चढतो, उतरतो. हा बदलत नव्हता. एकच सूर. खालचा. अर्थिंग बिघडलं की येतो तो. हूंऽऽ.

त्यानं स्कूटर थांबवली. चावी फिरवली.

इंजिन बंद झालं.

हूंऽऽ चालूच.

वायर गुंडाळलेली होती. पांढरा प्लग त्याच्या डोळ्यांसमोर लोंबत होता. हवेत. कशालाही न लावलेला...

त्यानं अ‍ॅम्पवर हात ठेवला. आवाज थांबला. तारांवर हात ठेवल्यावर थांबतो, तसा.

एक ट्रक दिवे टाकत गेला. मिथुननं स्कूटर मारली ती थेट कोळगावात थांबवली.

मंडप गवताच्या मैदानात होता. स्टेजवर कुलदेवतेचा फोटो मांडलेला, म्हणून चपला काढून वर चढायचं. दव पडलं होतं, खालची सतरंजी ओली गार. ढोलकीवाला गरम कोळशाजवळ ढोलकी शेकत बसला होता.

"आला बघा नवरदेव," तो म्हणाला. "आणि ते काय आणलंयस, सळई? अरे, गोमाची पूजा तुझ्याकडं आली की काय!"

सगळे हसले. मिथुनही हसला, आणि पिशवी स्टेजमागं टाकून दिली. नवा माणूस आपलं हसं होईल म्हणून घाबरतो. तिथंच चुकलं त्याचं.

दर्पण मात्र हसला नव्हता. तो अ‍ॅम्पकडं बघत होता.

मिथुननं प्लग लावला. असा आवाज आला की मंडपातली म्हातारी माणसं वळून बघू लागली. हूंऽऽऽ. नवरीचा मामा, रेशमी झब्बा घातलेला, स्टेजखालून ओरडला, "ए ऑर्केस्ट्रा, हळद लावायचीय का भुंगे पाळायचेत? सव्वाआठ झाले!"

"पिन मोडतो," मिथुन दर्पणला म्हणाला. "पक्कड द्या."

दर्पणनं कीबोर्डच्या पेटीतून पक्कड काढली. जुनी, लाल मुठीची, जबड्याचा एक कोपरा उडालेला. मिथुननं हात पुढं केला. दर्पणनं पक्कड सोडली नाही. क्षणभर दोघांच्याही हातात ती होती. त्याचे ओठ हलले.

"दर्पणदादा?"

"...काही नाही. घे."

त्यानं सोडली. आणि मान फिरवली.

ह्या माणसाला माहीत होतं, पोरांनो. त्याला सगळं माहीत होतं, आणि त्यानं पक्कड दिली.

मिथुन स्टेजच्या मागं उतरला. वायरिंगचा बोर्ड बांबूला बांधलेला. अंधार. पायाखाली ओलं गवत. त्यानं प्लग ओढून काढला.

हूंऽऽ थांबला नाही.

प्लग त्याच्या मुठीत होता. त्यानं पुन्हा बघितलं. तिन्ही पिना मोकळ्या. पक्कड त्यानं जाड पिनेला लावली.

आवाज उतरला.

एक सूर. मग दुसरा. तिसरा. मग खाली, चौथा.

सावकाश. मोजून.

भोपळ्याचा तारपा फुंकणारा नाचाआधी श्वास जमवतो, तशी ती चाल होती. मिथुननं ती कधीच ऐकली नव्हती. त्याचा बेस वर स्टेजवर, अ‍ॅम्पला जोडून पडलेला. जवळ कुणी नाही. पण तारा... त्याला खालूनच दिसलं. तारा हलत होत्या.

पुन्हा चार सूर.

समोर मंडपात कुणाला काही वेगळं वाटलं नाही. बेस कुणाला ऐकू येतो? पण ढोलकीवाल्यानं ही चाल गोमाकडून ऐकलेली; त्याच्या हातातली ढोलकी अधांतरी राहिली. आणि दर्पण उभा राहिला.

"गोमा..." तो म्हणाला. "नको..."

पुन्हा चार सूर.

मिथुनच्या हातातून पक्कड पडली. त्यानं पिशवी शोधली. सळई काढली. दगडानं ठोकली. गवताखाली माती मऊ होती. मिठाची पुडी दातानं कोपऱ्यात फाडली, मूठभर मीठ सळईच्या बुडाशी, वर पिण्याच्या जारमधलं पाणी. हिरव्या वायरचं दुसरं टोक अ‍ॅम्पच्या स्क्रूला. पण आवळलं नाही. आधी त्यानं प्लग परत लावला, तसाच, न मोडता, आणि वर चढून खिशातला टेस्टर बेसच्या तारांना टेकवला.

टेस्टर लाल पेटला. पिन शाबूत, पण बांबूवरच्या बोर्डाचं अर्थिंगच जमिनीपर्यंत पोचत नव्हतं.

ढोलकीवाला दोन पावलं मागं सरला. ह्याच तारांवर बोटं ठेवून, अनवाणी, ओल्या सतरंजीवर उभं राहून मिथुननं कोरससाठी माईकला ओठ लावले असते. पाच मिनिटांत.

त्यानं स्क्रू आवळला. टेस्टर विझला.

आणि तो आवाज... गेला. सगळा. मंडपात कोळशाची तडतड ऐकू येत होती.

"त्या दिवशी पिन मीच मोडली," दर्पण म्हणाला. "गोमा नको म्हणत होता. फरशीत सळई जाईना, म्हणाला, सॉकेटचं अर्थिंग तरी राहू दे. मीच म्हटलं, गोमा, पूजा पुरे. पोलीस यायच्या आत प्लग बदलला. ती पिन घरी जाताना खाडीत फेकली."

"सकाळी पामला यायचं," मिथुन म्हणाला. एवढंच.

त्या रात्री हळद झाली. दहाला पाच मिनिटं असताना शेवटचं गाणं संपलं.

सकाळी नऊला दोघं बायडीच्या दारात उभे होते. दर्पणनं चप्पल काढली, खाली मान घालून सगळं सांगितलं. तिनं आरडाओरडा केला नाही.

"अटॅक नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता, वहिनी."

"आता पेपरवाल्याला पन सांग."

मिथुननं सळई भिंतीला लावली, उरलेलं मीठ तिच्या हातात दिलं. ती आत गेली. बरणीत मीठ ओतल्याचा आवाज आला. आणि मग काचेवर... ठण्ण.

"ह्ये काय?"

तिच्या तळहातावर पितळी पिन होती. जाड. तिसरी. कडेला पकडीच्या दातांच्या खुणा, आणि एका कोपऱ्यात खूणच नाही. दर्पणनं खिशातून लाल मुठीची पक्कड काढली, पिनेला लावली. जबड्याचा उडालेला कोपरा बरोबर तिथंच बसला.

पुडी कारखान्यातून बंद होऊन आलेली. मिथुननं दातानं फाडलेली.

काकांनी गोष्ट तिथं थांबवली.

"दर्पण आला तुमच्याकडं?" कुशलनं विचारलं.

"आला. सांगितलं, सही केली. मी पुन्हा बातमी लिहिली, ह्या वेळी चाळीस ओळींची, माझ्या चुकीसकट. नव्या संपादकानं विचारलं, पुरावा काय? मी म्हटलं, माणूस कबूल करतोय. त्यानं ती दोन महिने दाबून ठेवली, मी रोज जाऊन त्याच्या टेबलासमोर बसलो, शेवटी छापली. त्यातून पिन मात्र मी गाळली. ती कशी लिहिणार?"

कुशलनं पक्कड पेटीत टाकली. मग हळूच विचारलं, "ती पिन आता कुठं आहे, काका?"

"बायडीनं देव्हाऱ्यात ठेवली होती. सकाळी मिठाच्या बरणीत सापडली. मग तिनं ट्रंकेत ठेवली, कुलूप लावून..."

"मग?"

काका उठले. अ‍ॅम्पचा प्लग त्यांनी स्वतः सॉकेटमधून काढला, तिन्ही पिनांवरून अंगठा फिरवला आणि तो कुशलच्या हातात दिला.

"परवाच गेलो होतो मी तिच्याकडं. पिन मिठातच होती. बायडी आता बरणीचं झाकण लावत नाही."