नमुन्याचा मेंदू

फ्रान्समधल्या रेन शहरातल्या भाषा प्रयोगशाळेत त्या सकाळी कोणी कोणाच्या नजरेला नजर देत नव्हतं. नव्या यंत्राची गुपितं ब्रेतॉन या इथल्या जुन्या भाषेच्या चळवळवाल्यांना कोण पुरवतंय, हे शोधायला संचालक लाकोस्त यांनी ते यंत्र आपल्याच माणसांवर लावलं होतं.

मादलेन तिथलीच एक संशोधक. तिची आई समुद्रकाठच्या खेड्यातली, फ्रेंचचा गंध नसलेली, ब्रेतॉनच बोलणारी. इतकी वर्षं मादलेननं हे कोणाला कळू दिलं नव्हतं. कळलं तर नोकरी जाणार, वर फितुरीचा शिक्का बसणार.

"हा मातृलयमापक शब्द तपासत नाही," लाकोस्त समजावत होते. "लहानपणी कानावर पडलेल्या भाषेची लय मेंदूत कायमची बसते. शब्द विसरले तरी लय राहते. ती नमुन्याच्या मेंदूशी जुळली तर हिरवा दिवा, नाहीतर लाल."

"नमुना कुणाचा?" सहकारी पास्कालनं विचारलं.

"माझा. अस्सल फ्रेंच."

पास्काल पिढ्यान्‌पिढ्यांचा पॅरिसकर. ऐटीत यंत्राचा टोप डोक्यावर घालून बसला, आणि दिवा लाल! बिचाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"दुसरा कोणी ब्रेतॉन पकडून द्या, मग तुमचं बघू," लाकोस्त म्हणाले.

मादलेनला आईनं सांगितलेलं आठवलं. जुन्या काळी इथल्या शाळांत ब्रेतॉन बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडी बूट अडकवत. त्यानं ब्रेतॉन बोलणारं दुसरं पोर पकडून दिलं की बूट त्या दुसऱ्याच्या गळ्यात. शिकल्यासवरल्या माणसांनी तोच खेळ पुन्हा मांडला होता.

पास्कालनं खालमानेनं तिच्याकडे बोट दाखवलं. "ही घरच्यांबद्दल कधीच बोलत नाही."

ती टोपाखाली बसली. दिवा हिरवा लागला.

तिचा जीव भांड्यात पडला. पण क्षणभरच. आपली लय जुळली? मग नमुना...? गप्प राहिली असती तर ती सुटली असती आणि पास्काल गेला असता. त्याचा रागही आला होता. पण तो बूट त्याच्या गळ्यात राहू देणं तिला जमेना.

"मी ब्रेतॉन आहे," ती म्हणाली. "आई माझ्याशी दुसऱ्या भाषेत बोललीच नाही. तरी दिवा हिरवा कसा?"

पास्काल सावकाश लाकोस्तांकडे वळला. नमुन्याची तपासणी कोणी करत नाही. लपायला याहून सोयीची जागा कुठली?

लाकोस्तांनी उठून दार लावून घेतलं. मादलेनजवळ येऊन त्यांनी हलकेच विचारलं, "अजून कुणाला ठाऊक आहे गं हे?"

पास्कालला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. मादलेनला सगळं कळलं. प्रश्न तिच्या आईच्या भाषेत होता.