एकशे ऐंशी अंश

जटायू तारकासमूहातला तो अंधूक जोडतारा दुर्बिणीतून पाहिला की दोन ठिपके दिसत. तेज सारखं, रंगही सारखा. आणि या सारखेपणावरूनच वेधशाळेचे प्रमुख त्र्यंबक रेगे आणि त्यांच्या सहकारी शालन मोहिते यांच्यात छत्तीसचा आकडा होता. चिलीतल्या त्या उजाड डोंगरावर मराठी माणसं दोनच. चार सुखदुःखाच्या गोष्टी बोलाव्यात की नाही? छे! चार वर्षं सगळा कारभार चिठ्ठ्यांवर चालला होता.

दोन ताऱ्यांपैकी एकाभोवती पाण्याचा ग्रह होता. त्या ताऱ्याचं नाव 'पहिला'. पण एकमेकांभोवती फिरता फिरता दोघे इतके जवळ आले, की तीन वर्षं त्यांचा एकच ठिपका दिसत राहिला. पुन्हा वेगळे झाले तेव्हा पहिला कोणता? रेगे म्हणत, पूर्वेकडचा. शालन म्हणे, पश्चिमेकडचा. आणि एकशेवीस माणसं घेऊन 'प्रभंजन' यान तिकडेच निघालं होतं. त्यांत शालनची धाकटी बहीण कुंदा होती.

यानाला शेवटचा संदेश मंगळवारी दुपारी एक ते दोन एवढ्याच वेळात धाडता येणार होता. तो ऐकून झाला, की यान संदेश ऐकायची आपली तबकडी उलगडून तिचंच प्रकाशशीड करणार आणि कायमचं बहिरं होणार. म्हणून सोमवारी सगळ्या वेधशाळेची बैठक झाली. नाइलाजानं दोघं समोरासमोर बसली.

"दुसऱ्यापासून पहिला कोणत्या कोनात आहे, एवढंच आपण यानाला सांगणार," शालन म्हणाली. "ठिपके सारखेच असले की त्या कोनात एकशे ऐंशी अंशांची चूक झालेली कळतच नाही, सर. यान भलत्या ताऱ्याकडे वळेल. तिथं उतरायला ग्रहच नाही."

"बहीण यानात आहे म्हणून तुमची नजर तीक्ष्ण होत नाही, मोहिते," रेगे म्हणाले.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. दोन ताऱ्यांच्या वर्णपटांत एका बारीक रेषेचा फरक होता; त्याची फाइल तिनं त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती न उघडताच बाजूला सारली. या हेकट म्हाताऱ्यापुढे आता डोकं फोडायचं नाही, असं तिनं ठरवलं.

कोन भरून संदेशावर मोहोर लावायचं काम रेग्यांचं. मोहोर लागली की आतला आकडा कोणालाच दिसत नसे. तो यानाच्या भाषेत बदलणारी आज्ञावली मात्र शालनच्या हातात होती. मंगळवारी सकाळी तिनं त्या आज्ञावलीत एक ओळ घातली: येईल त्या कोनात एकशे ऐंशी मिळवा. तिला जराही अपराधी वाटलं नाही. उलट, म्हाताऱ्याची जिरवली याचा आनंदच झाला. दोन वाजता प्रेषण संपलं.

चार वाजता रेगे स्वतः चहाचे दोन पेले घेऊन तिच्या खोलीत आले. असं कधीच झालं नव्हतं.

"काल तुमची फाइल वाचली," ते खाली बघत म्हणाले. "तुमचंच बरोबर होतं. चारचौघांत माघार घेणं माझ्याच्यानं होत नाही. म्हणून मोहोर लावताना गुपचूप कोनात एकशे ऐंशी मिळवले. कुंदा नीट पोचेल."



"मीही मिळवले," ती कशीबशी म्हणाली. "आज्ञावलीत."

रेग्यांनी पेले टेबलावर ठेवले. बेरीज करायला गणित येण्याची गरज नव्हती. तीनशे साठ. कोन होता तिथंच राहिला होता, आणि यान बहिरं होऊन दोन तास झाले होते.

"सांगायला काय झालं होतं?" दोघांनी एकदमच विचारलं.