लाल पट्ट्याचा नियम

काल रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि त्याला कारण होता एक हात. घाटातल्या सहाव्या वळणावर, कठड्याला सायकल टेकवून उभ्या असलेल्या माणसानं वर केलेला. तो 'थांबा' म्हणत होता की 'जा सावकाश' म्हणत होता, हे ती कूस बदलत ठरवत राहिली. पहाटे चारला तर तिनं स्वतःला असंही पटवून पाहिलं, की तो माणूस नव्हताच, मैलाचा दगड होता. पण मैलाचे दगड हात वर करत नाहीत. एवढं तिचं शिक्षण झालेलं होतं.

डोंगरातल्या गरम झऱ्यांच्या त्या गावात चौघं सुट्टीला आली होती. ती, नवरा, धाकटा दीर आणि चार वर्षांची बिट्टी. सायकली भाड्यानं घ्यायच्या, गाडीनं खिंडीपर्यंत जायचं आणि अकरा किलोमीटरचा उतार उतरून थेट गरम कुंडात शिरायचं, असा तिथला शिरस्ता. सायकलचं दुकान एका म्हाताऱ्याचं. सगळं गाव त्यांना पंपकाका म्हणायचं. शुक्रवारी दुपारी सायकली देताना त्यांनी एक लाल पट्टाही दिला होता.

"हा शेपटानं बांधायचा. शेपूट म्हणजे सगळ्यांच्या मागचा. त्यानं रस्त्यात कुणालाही ओलांडायचं नाही. जो थांबेल, त्याच्यापाशी थांबायचं. आपला असो, परका असो."

"मग वहिनीलाच बांधा," दीर म्हणाला होता. "ती तशीही उद्यापर्यंतच पोचणार."

पट्टा तिच्या दंडाला आला. बिट्टीही तिच्याच मागच्या खुर्चीत, कारण नवऱ्याच्या सायकलवर सामान होतं. आणि साडेसहाला, दिवेलागणीच्या वेळी, तो हात वर झाला. गारठा बोचत होता. बिट्टी भोकाड पसरून रडत होती. पुढचे दोघं केव्हाच दिसेनासे झाले होते. आपल्यातला तर नाही, ती मनात म्हणाली. ब्रेकवरची बोटं तिनं सैल सोडली. पुढच्याच वळणावर बिट्टी एकाएकी गप्प झाली. झोपली वाटतं, सुटले, असं तिला वाटलं होतं.

यातलं ती कुणाला बोलली नव्हती. आधी सांगायचं राहिलं, मग सांगायची लाज वाटली.

आज शनिवार, नऊ नोव्हेंबर. रात्री साडेआठला नवऱ्याच्या सायकलचं मागचं चाक सरळ करून घ्यायला म्हणून सगळी दुकानात आली. शेगडी पेटलेली होती. बिट्टी आईच्या मांडीवर, शालीत. पंपकाका चाक फिरवत होते, तारा आवळत होते.

"काका, एवढ्या जंगलात भूतबीत नाही का हो?" दिरानं विचारलं.

"पोर जागं आहे."

"ती काय, तिला कार्टूनमध्ये याहून भयंकर दिसतं. सांगा ना."

काकांनी चाक थांबवलं. "भुताचं मला ठाऊक नाही. माझ्या दुकानात चाकं सरळ करणारा एक पोऱ्या होता, त्याचं सांगतो. याच बाकावर बसायचा. डोळ्यांदेखत झालेलं आहे."

त्यांनी शेगडीत एक ढलपी सारली.

"बावीस वर्षं झाली. पाच जणांचा गट उतरत होता. पट्टा आमच्या या कारागिराच्या दंडाला. पाचांत एक चित्रकलेचे मास्तर होते. देह दांडगा, दम कमी. बाकीचे त्यांना 'मालगाडी' म्हणायचे. मास्तरही हसायचे बिचारे. सहाव्या वळणावर त्यांची साखळी उतरली."

तिनं हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"मास्तरांनी हात केला. आता आमच्या गड्याचं काम काय, तर थांबायचं. दोन मिनिटांचं काम होतं. पण थंडी मी म्हणत होती, आणि खाली गरम कुंड. तो म्हणाला, 'बसवा हो साखळी, एकच तर रस्ता आहे, चुकाल कुठं?' आणि आला निघून. खाली पुढच्यानं विचारलं, 'सगळे आले?' कोणी मागं मोजत नाही, पट्टा आला म्हणजे सगळे आले. हा म्हणाला, 'आले.'"

"मग?"

"मग काय, गळ्याइतक्या पाण्यात बसले सगळे. सव्वानऊला वरून घंटी वाजली. सायकलची. एकदा. 'मालगाडी आली बघा,' कुणीतरी म्हणालं. खूप हसले. परत वाजली. कुणी उठलं नाही. बाहेर गार होतं ना..."

शेगडीत काहीतरी तडकलं.

"सकाळी सापडले. कठड्याच्या खाली, चाळीस फुटांवर. दोन्ही पाय गेलेले. डॉक्टर म्हणाले, पहाटेपर्यंत जीव होता. पडल्या जागेवरून कुंडाचे दिवे दिसतात. हसणंही ऐकू येतं. रात्रभर... ऐकलं असणार."

दीर आता हसत नव्हता.

"वर्ष गेलं. आमचा गडी सुकत चालला. जेवताना उठायचा, 'घंटी वाजली' म्हणायचा. मी म्हटलं, वेड्या, मनाचे खेळ आहेत. तो म्हणाला, 'काका, त्यांना आणायचं राहिलंय.' मग तीच तारीख आली. पट्टा बांधून एकटाच वर गेला. मी कुंडाच्या पायऱ्यांवर उभा. नऊच्या पुढं त्याचा दिवा दिसला. सावकाश येत होता. कुणासाठी तरी थांबत थांबत. एक वळण... थांबला. दुसरं वळण... थांबला."

"मागे कुणी...?"

"मला एकच दिवा दिसला. खरं सांगतो, एकच."

काकांनी शेगडीतली राख झटकली.

"खाली आला. मी विचारलं, 'आले का सगळे?' कपड्यांसकट कुंडात उतरला. दात वाजत होते. हात लावला... बर्फ. पाणी इतकं कढत, की माझा हात भाजला. हा थरथरतोय. सकाळी गेला. गळ्याइतक्या गरम पाण्यात माणूस गारठून मेला. भुवयांवर हिंव होतं. मी माझ्या या बोटानं पुसलं."

त्यांनी बोट दाखवलं. साधंच बोट होतं, ग्रीसनं काळं.

"तारीख कोणती होती?" तिनं विचारलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"आठ नोव्हेंबर."

"आणि आता... कुणी तिथं उभं असतं?"

"म्हणतात लोक, मास्तर असतात. पट्टा दिसला की हात करतात. थांबलं, विचारपूस केली, की झालं. काही करत नाहीत."

"आणि नाही थांबलं तर?"

काकांनी चाकाला एक गिरकी दिली. "आजवर माझ्या गिऱ्हाइकातलं न थांबलेलं कुणी नाही, पोरी. म्हणून तर सांगून पाठवतो."

तेव्हा तिनं सांगितलं. सगळं. वळण, सायकल, हात. सांगताना तिला भुताची भीती नव्हतीच. तिच्या डोक्यात एकच घण पडत होता. तो जिवंत माणूस असला तर? सव्वीस तास झाले. एक रात्र तिथं काढली असेल त्यानं, आणि आता ही दुसरी.

"अगं, आणि तू आत्ता सांगतेस?" नवरा उभाच राहिला. "दिवसभर काय करत होतीस?"

"दिवसभर तो मैलाचा दगड होता," ती म्हणाली आणि रडू लागली.

दिरानं गाडीवाल्याला उठवलं. दोघं भाऊ, गाडीवाला आणि मोठ्ठी बॅटरी, असे वर गेले. ती बिट्टीला घेऊन दुकानातच बसली. काकांनी तिला एका शब्दानं बोल लावला नाही. ते जास्त वाईट होतं.

पावणेअकराला गाडी परतली.

"कोणी नाही," नवरा म्हणाला. "सायकल नाही, टायरचा माग नाही. कठड्याखाली उतरून पाहिलं. काही म्हणजे काही नाही."

"वहिनी, भूतच होतं बहुतेक," दीर म्हणाला. "अभिनंदन."

तिला इतकं हलकं वाटलं, की तिनं त्याला एक धपाटा घातला. भूत निघालं म्हणून जीव भांड्यात पडलेली जगातली पहिली बाई आपणच, असं तिच्या मनात आलं, आणि त्यावर ती खरोखरच हसली.

खोलीवर आल्यावर नवरा दात घासायला गेला. तिनं बिट्टीला पलंगावर उभं केलं. उद्यासाठी तिचं जाकीट गरम आहे ना पाहावं, म्हणून खुंटीवरून काढलं. काल रात्रीपासून ते हीटरच्या डोक्यावर टांगलेलं होतं. अगदी कोरडं, ऊबदार. फक्त टोपीच्या खोळीत काहीतरी जड होतं.

तिनं हात घातला.

लोकरीचा हातमोजा. पुरुषाचा, दांडग्या हाताचा. ओलाचिंब. गार... इतका गार, की बोटं चिकटली.

घरात असला हातमोजा कुणाचाच नव्हता.

"बिट्टी." तिनं आवाज शांत ठेवला. मुलं घाबरतात ती आईच्या आवाजाला, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं. "हे कुणी दिलं, राणी?"

"पळणाऱ्या काकांनी."

"कोण पळणारे?"

"आपल्या सायकलच्या मागे पळत होते ना ते. खूप पळाले. मी रडत होते ना, मग त्यांनी मला घातला."

"मग..." तिनं चिकटलेली बोटं सोडवली. "मग मला हाक का नाही मारलीस, सोन्या?"

बिट्टीनं जांभई दिली. आईच्या गळ्यात हात टाकले. मग तिच्या कानाशी येऊन, गुपित सांगावं तसं म्हणाली,

"तेच म्हणाले, हाक मारू नकोस. तुझी आई थांबत नाही."