जपायला दिलेला आवाज

ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्याच टेबलावर घडलेली आहे.

रात्र-बित्र काही नव्हती. भर दुपार होती, दुकानाचं शटर पूर्ण वर होतं आणि बाहेर गाड्या हॉर्न वाजवून डोकं उठवत होत्या.

मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. काउंटर माझी नणंद सांभाळते. गेमिंगची मशीन्स म्हणजे माझा हातखंडा, असं मी चारचौघांत सांगायचे. आता सांगत नाही.

त्या दिवशी एक काका भलामोठा काळा कॅबिनेट छातीशी धरून आत आले.

"मध्येच बंद पडतो हो," ते म्हणाले. "चांगला चालू असतो आणि एकदम सगळं काळं."

"गेम खेळताना का?"

"मी कुठला खेळतोय! मुलाचा आहे. मागच्या हिवाळ्यात गेला तो."

मी कॅबिनेट त्यांच्या हातातून घेऊन टेबलावर ठेवला.

"खेळताना मित्रांशी बोलायचा, ते सगळं रेकॉर्ड केलंय त्यानं. रोज संध्याकाळी थोडं ऐकतो. त्यात तो हसतो, चिडतो, मध्येच मला हाक मारतो. 'बाबा, दार लावा' म्हणतो." काका ओशाळून हसले. "बाकी काहीही करा ताई, तेवढा आवाज जपा."

"काका, तुम्ही निर्धास्त घरी जा," मी म्हणाले.

मशीन उघडलं. आत धुळीचा नुसता थर. प्रोसेसरवरचा पंखा जाम झाला होता. मशीन तापत होतं आणि जळू नये म्हणून आपणहून बंद होत होतं. एवढंच. धूळ काढली, पंखा बदलला, सगळ्यात जड गेम लावून ठेवला. आम्ही जेवलो, गिऱ्हाइकं आली-गेली. एकदाही बंद पडलं नाही.

तिथेच थांबायला हवं होतं मी.

पण आमच्या दुकानाची एक सवय. मशीन घरी पाठवायचं तर डिस्क कोरी करून, नवं विंडोज टाकूनच. म्हणजे गिऱ्हाईक चार दिवसांनी कटकट घेऊन परत येत नाही. आधी फाइल्स बाजूला काढायच्या, मग डिस्क पुसायची, मग फाइल्स परत टाकायच्या. डोळे मिटून करते मी हे काम.

स्क्रीनवर 'आवाज' नावाचं फोल्डर होतं. ते पेन ड्राइव्हवर ओढलं. झटक्यात कॉपी झालं.

मग पुसायचं बटण दाबलं...

मशीन बंद.

परत चालू केलं. गेम लावला. मस्त चालला. पुसायला घेतलं...

बंद.

पॉवर सप्लाय बदलला. रॅम बदलली. तेच. एरवी ठणठणीत, पुसायला घेतलं की बंद.

"वहिनी, भांडतेस काय त्याच्याशी?" नणंद हसत म्हणाली.

"त्याच्या नाकावर टिच्चून करते की नाही बघ!"

वैतागून मी मशीनची पॉवरची वायरच उपटली. काकांनी मुलाचा हेडफोन सोबत दिला होता, तो टेबलावर पडला होता.

त्यातून आवाज आला...

बोलण्याआधी माणूस श्वास घेतो ना? तेवढाच. बोललं मात्र कुणी नाही.

वायर माझ्या हातात होती.

घाबरून सोडून दिलं असतं तर किती बरं झालं असतं. पण मला आला राग. एका मशीननं मला शिकवायचं? मी डिस्क काढली, माझ्या कॉम्प्युटरला लावली आणि पुसून टाकली.

या वेळी काहीच बंद पडलं नाही.

फक्त बाहेरचे हॉर्न ऐकू येईनासे झाले... छताचा पंखा फिरत होता, पण त्याची घरघर नव्हती. नणंदेनंही मान वर केली. मग सगळे आवाज एकदम परत आले.

नवं विंडोज टाकलं. फाइल्स परत टाकायला पेन ड्राइव्ह उघडला.

आत फोल्डर नव्हतंच. नुसता शॉर्टकट होता.

खरं फोल्डर डिस्कच्या दुसऱ्याच कोपऱ्यात होतं, स्क्रीनवर होती ती त्याच्याकडे जायची वाट. मी वाट जपली आणि घर पाडलं. झटक्यात कॉपी झालं तेव्हाच कळायला हवं होतं! एवढं सगळं बोलणं झटक्यात कॉपी होतं होय?

गेलेल्या फाइल्स परत आणायचे सगळे उपाय केले. नावं आली. उघडून पाहिलं तर प्रत्येक फाइल रिकामी.

काका आले तेव्हा मी त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "डिस्क आधीपासूनच खराब होती काका. आवाज गेला."

ते स्टुलावर बसले.

"तुमचा काय दोष?" ते म्हणाले. "मीच रोज लावून लावून खराब केली असणार. त्याला मेल्यावरही स्वस्थ बसू दिलं नाही मी."

तेव्हा तरी खरं सांगायचं! लाज वाटते लिहायला. मी फक्त कॅबिनेट उचलून त्यांच्या हातात दिला.

आठवडाभरानं त्यांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"ताई, सापडला! नवीनच फाइल दिसतेय स्क्रीनवर. ऐका..."

त्यांनी फोन स्पीकरजवळ धरला.

आधी श्वास...

मग एक तरुण आवाज. रडवेला. "ताई, थांबा ना. पुसू नका. बाबा ऐकतात ते."

बस, एवढंच.

"त्याचाच आवाज आहे!" काका म्हणाले. "आता मशीन बंदही पडत नाही. पण ताई, आधीसारखा हसत नाही हो. मला हाक मारत नाही. एवढंच म्हणतो, रोज. ही ताई कोण असेल? आम्हाला तर मुलगी नाही."

"माहीत नाही, काका."

हेही मी खोटंच सांगितलं.

हसणारा मुलगा त्यांच्यापाशी होता. आता विनवणारा उरलाय, आणि ते रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसतात. तो कुणाला विनवतोय हे शोधायला त्यांनी त्याच्या एकेका मित्राला फोन लावायला सुरुवात केली आहे.

आज सकाळी परत दुकानात फोन आला. नंबर बघूनच मी नणंदेला म्हणाले, "मी नाहीये म्हणून सांग."